आवाज काढणे

बुदैयात ऑगस्टच्या दुपारी
पाना धरायलाही ओला फडका लागतो.
पंपाची खोली म्हणायची आपली,
भिंतीला टेकवलेलं फायबरचं खुराडं ते.
आत वाळूचा फिल्टर, सहा तोंडांचा व्हॉल्व्ह,
दीड घोड्यांची मोटर,
आणि उरलेल्या जागेत मी,
पास्कू घोन्साल्विस, निर्मळ, तालुका वसई.

कंपनीच्या चिठ्ठीवर काम लिहिलं होतं:
आवाज काढणे.

स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या पाठीवर ठेवलं,
मूठ कानामागच्या हाडाला.
मागचं बेअरिंग दळत होतं,
जात्यात खडा गेल्यासारखं, आणि आजचं नव्हे ते,
दोन-तीन वर्षांचं दुखणं.

मेन बंद. दोन्ही व्हॉल्व्ह बंद.
चार बोल्ट, त्यातला एक गंजून शहीद.
पुलरनं जुनं बेअरिंग ओढलं, नवं बसवलं.
सील नवं घातलं, त्याच्या गुळगुळीत तोंडाला
बोट न लावता; बोटाचं तेल राहिलं
तर महिन्याभरात ठिबकतं.
झाकणाच्या रिंगला सिलिकॉन.
नवी पोरं व्हॅसलीन फासतात, मग रबर फुगतं
आणि पंप हवा पीत बसतो.

टोपली धुतली: बोगनवेलीची पानं, एक मेलेला भुंगा,
केसाची पिन.
मग बादलीनं पाणी ओतलं काठोकाठ.
बाबा बावखलावरच्या पंपाला असंच पाजायचे,
शिव्या देत. "फुकट पाणी मागतो का रे, भाड्या,
आधी दे!"

मिनिटभर बुडबुडे. मग काच स्वच्छ.
काटा बारावर.
आणि आवाज? कुठेच नाही.
मी सही घेतली, स्वतःवर जरा खूश होऊन.

चौथ्या दिवशी पुन्हा तीच व्हिला.
उम्म फादिल दारातच उभ्या,
डोळ्यांखाली काजळ नव्हे, जागरण.
मोडक्या हिंदीत म्हणाल्या:
आवाज कुठे नेलास?

पंप त्यांच्या नवऱ्यानं स्वतः बसवलेला.
दर शुक्रवारी म्हणायचा, उद्या बघतो त्याचं.
शव्वालमध्ये गेला.
तक्रार मुलानं केली होती, रियाधहून, फोनवर.
यांच्या पलंगाची खिडकी पंपाच्या बरोबर वर.
मागे चांद्रिका, स्वयंपाकघराच्या दारातून,
मान हलवत होती: खरं आहे.

आता आवाज काढ, म्हणाल्या.
तोच शब्द.
मी समजावलं: जुनं बसवलं तर शाफ्ट खाईल,
सील जाईल, वाइंडिंगवर पाणी, मग मोटरच जळेल.
त्यांनी शांतपणे ऐकलं, डॉक्टरचं ऐकतात तसं,
पटलं म्हणून नव्हे.

तलावात हात घालून नोझलचा डोळा वर वळवला.
पाणी पृष्ठभाग फोडून खळाळू लागलं, छान.
थोडं ऐकून म्हणाल्या, हे पाणी आहे.

मग गाडीतून डबा आणला.
जुनी बेअरिंगं मी टाकत नाही;
पुतण्या फळीची गाडी करतोय, दोन चाकं गेली गावाला,
दोन या डब्यात.
त्यातलं त्यांचं शोधून दिलं.

त्यांनी तर्जनी आत घातली, दुसऱ्या हातानं फिरवलं.
खर्र्र.
कानाजवळ नेऊन पुन्हा.
ग्रीसचा काळा वण गालाला लागला,
पुसला नाही.
किती, म्हणाल्या.
भंगार आहे, मॅडम.
मूठ मिटली.
ते पाणी खाली कर, म्हणाल्या, झोप मोडेल.

नोझल खाली केलं. टायमर बघितला.
फॉर्मवर "बदललेले सुटे भाग" पुढे
लिहिलं: काही नाही.

केल्विनच्या गाडीला आता एक चाक कमी पडतंय.
सारमध्ये सोमवारी एक मोटर बघायची आहे.
फोनवर बाई म्हणत होत्या, फार आवाज करते.
मी विचारलं,
घरात अजून कोणाकोणाला ऐकू येतो?